संगमाजवळचे इंजिनिअरिंग कॉलेज आणि आपल्या मुली

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)



सभेपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळाच्या पापड-कुरडयांचा हिशेब ठेवायचा आणि भिशीची वही लिहायची, एवढाच माझा लेखणीशी संबंध. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. आम्ही बसमधून जाताना त्याची नुसती भिंत पाहतो. आत काय चालते ते एकदा सांगा." तेव्हा जे मी पाहिले, मुलीकडून ऐकले आणि तिने वाचून दाखविले, तेच माझ्या साध्या भाषेत आपल्यापुढे मांडते.

मुळा आणि मुठा या दोन नद्यांचा संगम होतो, त्याच्या जवळच हे कॉलेज आहे. ते किती जुने आहे हे ऐकून मला आश्चर्य वाटले. १८५४ साली, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्याही आधी तीन वर्षे, ते सुरू झाले. तेव्हा त्याला कॉलेज म्हणत नसत. 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असे त्याचे नाव होते. सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधायच्या होत्या आणि त्या कामावर देखरेख करणारी जाणती माणसे हवी होती. ती तयार करण्यासाठी ही शाळा काढली. १८६५ साली मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मुख्य इमारतीचा पाया घातला आणि १८६६ साली ही संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. मध्यंतरी तिचे नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' असे होते. १९११ पासून ते 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झाले. पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तेव्हा हे कॉलेज त्या विद्यापीठाकडे आले. २००३ साली त्याला स्वायत्तता मिळाली आणि २०२२ साली सरकारने कायदा करून या कॉलेजालाच विद्यापीठ केले. आता त्याचे नाव 'सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ' असे आहे. विद्यापीठ झाले म्हणजे काय झाले, असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, "आई, आता आमचा अभ्यासक्रमही इथेच ठरतो, परीक्षाही इथेच होते आणि पदवीच्या कागदावर शिक्काही इथलाच असतो." म्हणजे सून होती ती घरची कर्ती झाली, असे मी समजले.

आता इंजिनिअर म्हणजे काय? आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात चित्र असते ते मोठा कारखाना, धडधडणारे यंत्र आणि डोक्यावर टोपी घातलेला साहेब. माझ्याही मनात तेच होते. आमचे हे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. लेथवर त्यांचा हात इतका बसलेला आहे की, कागदाच्या जाडीएवढा फरकही त्यांच्या बोटांना कळतो. पण ते नेहमी म्हणतात, "वस्तू मी करतो खरी, पण ड्रॉइंग दुसऱ्याने काढलेले असते." इंजिनिअर तो, जो ते ड्रॉइंग काढतो. वस्तू तयार होण्याआधी ती कागदावर उभी करायची, तिच्यावर किती भार येईल, ती किती तापेल, कोठे मोडेल हे आधी गणिताने पाहायचे आणि मग लोखंडाला हात लावायचा, असे हे काम आहे. आपणही पन्नास पानांचा स्वयंपाक करायचा असला म्हणजे आधी तांदूळ, डाळ, तेल यांचा अंदाज बांधतोच ना? फरक एवढाच की, आमटी पातळ झाली तर डाळ वाढविता येते, आणि पूल कच्चा झाला तर माणसे जातात.

या कॉलेजात शिकून गेलेल्या एका गृहस्थांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे, ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते मूळचे कर्नाटकातले. वडील लहानपणीच वारले. बंगळूरला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून ते शिकले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास आले. १८८३ साली ते या कॉलेजातून परीक्षेत पहिले आले. पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. ती गोष्ट १९०३ सालची. धरणाची भिंत न वाढविता पाणी जास्त साठवायचे, पण पूर आला तर भिंतीला धोका होऊ नये, अशी ती अडचण होती. त्यांनी दरवाजे असे योजले की, पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ते उघडत आणि खाली गेले की मिटत. मुलीने हे सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपला कुकर उभा राहिला. आत वाफ जास्त झाली की शिट्टी उचलली जाते, वाफ निघून गेली की ती पुन्हा खाली बसते, आपण तिथे उभे असावे लागत नाही. विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न मिळाले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, हा आपल्या देशात इंजिनिअर-दिन म्हणून पाळतात. आपल्या नळाला आजही खडकवासल्याचेच पाणी येते, तेव्हा त्यांची आठवण आपण हंडा भरतानाही ठेवावी.

भगिनींनो, मला हे शास्त्र कळत नाही, पण पुलाचे महत्त्व मात्र माझ्याइतके थोड्याजणींना कळले असेल. माझे माहेर मावळातले. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीची शाळा पलीकडच्या गावात, मध्ये मोठा ओढा. उन्हाळ्यात त्यातून चप्पल हातात घेऊन जाता येई. पण आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय, ते मावळातल्या माणसालाच ठाऊक. जूनपासून दसऱ्यापर्यंत त्या ओढ्याला उतार म्हणून नसे. मुलगे दोर धरून कसेबसे जात. मुलींना कोण पाठविणार? १९९३ साली मी सातवी पास झाले आणि माझी शाळा संपली. आईवडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून ठरविले. पुढे पाच वर्षांनी त्या ओढ्यावर पूल झाला. माझी धाकटी बहीण त्या पुलावरून आठवीला गेली, बारावी झाली, परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि आज ती एका सरकारी दवाखान्यात नोकरी करते. आम्ही दोघी एकाच आईच्या, एकाच चुलीवरची भाकरी खाल्लेल्या. गणितात तर मीच तिच्यापेक्षा बरी होते. आम्हा दोघींत फरक पडला तो एका पुलाने. म्हणून कोणी मला म्हटले की, इंजिनिअरिंगशी बायकांचा काय संबंध, तर मला हसू येते. पूल नसला म्हणजे घरी राहते ती मुलगी, आणि नळ नसला म्हणजे डोक्यावर हंडा येतो तो बाईच्याच.

आणि काम चुकले म्हणजे काय होते, तेही पुण्याच्या माणसांना सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते, पाणी मात्र भरले होते. त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचेही धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. माझ्या सासूबाई त्या वेळी लहान होत्या. उघड्या पडलेल्या घरांतून भांडी वाहून गेली, भिंतींवर पाण्याची रेघ कितीतरी वर्षे राहिली, हे त्या अजून सांगतात. तेव्हा हे शिक्षण नुसत्या मोठ्या पगारासाठी नाही. या मुलामुलींच्या पेन्सिलीवर उद्या आपली घरेदारे उभी राहणार आहेत.

आता मुलींविषयी सांगते. आपल्या देशात इंजिनिअरिंगचे वर्ग कितीतरी वर्षे चालले, पण त्यांत मुली नव्हत्या. मुलींसाठी हे दार उघडले त्याची हकीकत मद्रासची आहे, आणि ती माझ्या मुलीने मला वाचून दाखविली तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो होतो. मद्रासजवळ गिंडी येथे एक जुने इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आज ते अण्णा विद्यापीठात आहे. तेथे १९४० साली ललिता नावाच्या मुलीने विजेच्या इंजिनिअरिंगसाठी प्रवेश घेतला. तिचे लग्न पंधराव्या वर्षी झाले होते. अठराव्या वर्षी नवरा वारला, तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळी अशा बाईपुढे कोणते आयुष्य असे, ते मी सांगावयास नको. परंतु तिचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी तिला कोपऱ्यात बसविले नाही, शिकविले. मुलगी एकटी पडू नये म्हणून कॉलेजने आणखी मुलींनाही बोलाविले, आणि लीलम्मा जॉर्ज व थ्रेसिया अशा दोघी स्थापत्य शिकावयास आल्या. त्या पास झाल्या तेव्हा कॉलेजच्या छापील प्रमाणपत्रावर 'तो' असाच शब्द होता. मुलगी पास होईल, असे छापणाऱ्याच्या मनातही आले नव्हते. तो शब्द खोडून वर हाताने 'ती' असे लिहावे लागले.

ललिताबाईंनी पुढे भाक्रा-नानगल धरणाच्या वीजयंत्रांचे काम केले. १९६४ साली न्यूयॉर्कला जगातल्या स्त्री-इंजिनिअरांची पहिली परिषद भरली, तिला त्या गेल्या होत्या. आणि थ्रेसियाबाई १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य इंजिनिअर झाल्या. रस्ते आणि पूल हेच त्यांचे काम. त्यांच्या पुलांवरून किती मुली शाळेत गेल्या असतील, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

आपल्या पुण्याशी जोडलेली एक गोष्टही आपल्याला ठाऊक असेल. १९७४ साली टेल्कोने नोकरीची जाहिरात दिली आणि तीत, स्त्रियांनी अर्ज करू नये, असे लिहिले होते. सुधा मूर्ती तेव्हा बंगळूरला शिकत होत्या. त्यांनी रागाने सरळ जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले. त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली. एका पोस्टकार्डाने हे झाले. तेव्हा आपण बायकांनी विचारावयास लाजू नये, एवढे मी त्यावरून घेतले.

आता कॉलेजात आज काय चालते, ते सांगते. माझी मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वर्कशॉप असते. अंगात जाड डगला, पायांत बूट, केस घट्ट बांधलेले, आणि हातात कानस. लोखंडाचे दोन तुकडे घासून घासून एकमेकांत बरोबर बसवायचे, त्याला 'जॉब' म्हणतात. पहिल्या आठवड्यात तिच्या हातांना फोड आले. सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या हातात लाटणे शोभते, कानस कशाला?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण तेल-हळद लावली तीही त्यांनीच. महिन्याने तिने तो जॉब घरी आणला. ह्यांनी तो हातात घेतला, आपला गुण्या लावून पाहिला, मग दिव्यापुढे धरला आणि म्हणाले, "इथे उजेड दिसतो." म्हणजे त्या फटीतून दिवा दिसत होता. ती रडवेली झाली. मग ह्यांनी तिला कानस कशी धरायची, अंगाचा भार कोणत्या पायावर घ्यायचा, हे तासभर उभे राहून दाखविले. पुढच्या जॉबला उजेड दिसला नाही. पंचवीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांची ड्रॉइंगे वाचली, त्यांनी आपल्या मुलीचे पहिले ड्रॉइंग भिंतीवर लावले आहे. आपण घरी आलात तर दाखवीन.

तेथे नाना शाखा आहेत. स्थापत्य म्हणजे इमारती, पूल, पाणी. विजेचे वेगळे, संगणकाचे वेगळे. एक आहे मेटलर्जी, म्हणजे धातूंचे शास्त्र. पितळेच्या पातेल्यात ताक कळकते, म्हणून आपण कथलाची कल्हई करून घेत होतो. लोखंडी तवा जितका वापरावा तितका चांगला होतो. हे आपण हातानेच शिकलो. ते का होते, हे तिथे शिकतात. दुसरे आहे इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे उष्णता, दाब, पातळी मोजणारी आणि त्याप्रमाणे यंत्र चालविणारी साधने. दूध उतू जाण्याच्या आधी गॅस कमी करणारी बाई हे काम रोजच करते, फक्त तिला त्याचा पगार मिळत नाही!

या कॉलेजच्या मुलांनी केलेले एक मोठे काम म्हणजे 'स्वयम्' नावाचा उपग्रह. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोचे पी. एस. एल. व्ही. यान २० उपग्रह घेऊन आकाशात गेले, त्यांत हा होता. आकार किती म्हणाल, तर प्रत्येक बाजू १० सेंटीमीटर. आपल्या फळीवरच्या हळदीच्या डब्याएवढा. वजन साखरेच्या एका पुड्याइतके, किलोभर. पण त्या एवढ्याशा डब्यासाठी काम आठ वर्षे चालले. इंजिनिअरिंगचा अभ्यास चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ती मुले पास होऊन गेली, मागच्यांनी काम उचलले, तीही गेली, त्यांच्या मागच्यांनी पुरे केले. आपण कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतो, तसेच हे. त्याची आणखी एक गंमत मुलीने सांगितली. आकाशात तो गरगर फिरत राहू नये म्हणून त्यात लोहचुंबक बसविले होते. पृथ्वी हाही मोठा चुंबकच, तेव्हा होकायंत्राचा काटा जसा वळतो तसा तो उपग्रह आपोआप वळून राहावा, त्यासाठी वीज खर्चावी लागू नये, अशी ती युक्ती होती. बिनखर्चाने काम साधावे, ही बुद्धी मला अगदी आपल्या बायकांसारखी वाटली.

अभ्यासाखेरीज तेथे नदीवर बोट-क्लब आहे आणि त्यांचा 'रेगाटा' नावाचा उत्सव असतो. होड्यांच्या शर्यती होतात, मुलेमुली होड्या वल्हवीत पाण्यावर नक्षी काढतात आणि अंधार पडला की मशाली घेऊन होड्यांची रांग फिरते. 'माइंडस्पार्क' नावाचा मेळा भरतो, त्यात मुले स्वतः केलेली यंत्रे मांडतात. अशा एका दिवशी मी गेले होते. एका टेबलाशी एक मुलगी आपल्या यंत्राची माहिती सांगत होती आणि चारपाच पुरुष माणसे हातावर हात ठेवून ऐकत होती. मी जरा मागे उभी होते. तिने मला पाहिले आणि म्हणाली, "मावशी, पुढे या, आपल्याला दिसत नसेल." मी पुढे गेले. मला यंत्रातले कळले थोडे, पण पुढे उभे राहून पाहिले.

आता अडचणींविषयी बोलते, कारण नुसते कौतुक करून कोणाची मुलगी कॉलेजात जात नाही. पहिली अडचण पैशाची. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली असा निर्णय घेतला की, ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आहे, त्या घरातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या सवलती आहेतच. शिवाय इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. 'प्रगती' नावाची एक शिष्यवृत्ती आहे, तीत पदवी किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलीला वर्षाला ५० हजार रुपये मिळतात, आणि एका घरातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. पण नीट ध्यानात ठेवा, फीची माफी सरकारच्या केंद्रीय प्रवेश-फेरीतून जागा मिळाली तरच आहे. कोणी दलाल येऊन म्हणेल, "मी परस्पर जागा मिळवून देतो," तर त्याला दारातूनच परत पाठवा. वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च या माफीत नाही, तोही आधीच मोजून ठेवावा.

दुसरी अडचण कागदांची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला व त्याची पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर. निकाल लागल्यावर सगळे गाव सेतू केंद्रापुढे रांगेत उभे राहते. तेव्हा हे कागद परीक्षेच्या आधीच तयार ठेवावेत. मुलीने वर्षभर अभ्यास करावा आणि एका दाखल्यासाठी जागा जावी, यासारखे दुःख नाही.

तिसरी अडचण वाटेची. बारावीनंतर सी. ई. टी. देऊन जाता येते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते. ज्यांना घरी लवकर हातभार लावायचा आहे, त्यांना डिप्लोम्यानंतर नोकरीही धरता येते. दहावीला चार मार्क कमी पडले म्हणून दार बंद झाले, असे समजू नये.

चौथी अडचण लोकांची. आमच्या मुलीने मेकॅनिकल घेतले तेव्हा नात्यातली माणसे म्हणाली, "एवढी शिकली तर हिच्याजोगा मुलगा कोठून आणाल?" ह्यांनी उत्तर दिले, "शिकलेला आणू." विषय तेवढ्यावर संपला असे नाही. अजूनही लग्नकार्यात कोणी ना कोणी बोलतेच. मी ते ऐकते आणि पानावर आग्रहाने जिलबी वाढते. काय करणार? पण हेही खरे सांगितले पाहिजे की, पदवी मिळाली म्हणजे नोकरी दारात उभी असते, असे नाही. खटपट करावी लागते. प्रत्येक मुलीने इंजिनिअरच व्हावे, असेही माझे म्हणणे नाही. जिला गणिताची, यंत्रांची गोडी आहे तिला, ती मुलगी आहे एवढ्यासाठी, ओढ्याच्या अलीकडे ठेवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या वस्तीत अशा मुली आहेत. नावे घेत नाही, आपण ओळखता. एकीचे घर एका खोलीचे, संध्याकाळी टी. व्ही. चालू, धाकटी भावंडे अंगावर. ती जिन्यातल्या दिव्याखाली बसून गणिते करते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. या वर्षी तिची दहावी आहे आणि घरात पुढच्या शिक्षणाऐवजी दुसरेच बोलणे चालू झाले आहे. तिच्या आईला मी दोन वेळा भेटले. त्या माउलीला मुलीचे वाईट करायचे नाही, तिला वाट ठाऊक नाही. ती वाट दाखविणे हे आपल्या मंडळाचे काम नव्हे काय?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, मंडळाची खोली संध्याकाळी सात ते नऊ रिकामी असते. ती दहावी-बारावीच्या मुलींना अभ्यासासाठी द्यावी. पाळीपाळीने आपल्यातली एकजण तिथे विणकाम घेऊन बसेल, म्हणजे घरच्यांनाही काळजी नको. दुसरी, दाखल्यांची यादी करून मंडळाच्या फळ्यावर लावावी आणि ज्या आईला लिहितावाचता येत नाही, तिच्याबरोबर एकीने सेतू केंद्रात जावे. मी स्वतः दर बुधवारी दुपारी जायला तयार आहे. तिसरी, आपण दर वर्षी देहू-आळंदीला सहल नेतो, ती न्यावीच. पण एक दिवस, असा मेळा भरलेला असताना, आयांनाही मुलींबरोबर हे कॉलेज पाहायला न्यावे. मुलीने पाहून पुरत नाही, आईने पाहिले पाहिजे. आणि चौथी सूचना अगदी लहान आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या लुटतो. या वर्षी ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलगी आहे, त्यांना कंपासपेटीचे वाण द्यावे. खर्च सारखाच येतो, मी बाजारात भाव काढून आले आहे.

या सूचनांवर आपण आजच विचार करावा, अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे.